घरी ॲसेरोला चेरी लावताना: रोप निवडण्यापासून पहिल्या ओंजळभर फळांपर्यंत

ॲसेरोला चेरी मंडईत मिळत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. पिकलेलं फळ झाडावरून उतरवलं की दुसऱ्या दिवशी त्याची साल सैल पडते आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागतो. पेटीत भरून गावोगाव पाठवायचं हे फळच नाही. त्यामुळे ज्यांना ते ताजं खायचंय, त्यांनी दारात किंवा गच्चीवर लावायचं, दुसरा मार्ग नाही. आणि लावायला ते मुळीच अवघड नाही. पुण्यात माझ्या गच्चीवर दोन झाडं ड्रममध्ये आहेत, रत्नागिरीला ताईच्या परसात एक जमिनीत आहे. या तिघांनी आम्हाला जे शिकवलं ते नव्याने लावणाऱ्यांसाठी इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळख पटवून घ्या

चेरी हा शब्द आपल्याकडे फार ढिला वापरला जातो. काश्मीर-हिमाचलातून मे-जूनमध्ये येणारी खरी चेरी थंडीची. तिला हिवाळ्यात कडाक्याचा गारठा लागतो, आपल्याकडे ती फळत नाही. केकवर लावलेली लालभडक चेरी बहुतेक वेळा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं. ॲसेरोलाचा या दोघांशीही संबंध नाही. तिचं शास्त्रीय नाव माल्पिगिया एमार्जिनाटा. नर्सरीत तिला बार्बाडोस चेरी किंवा वेस्ट इंडियन चेरी म्हणतात. कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे तिचं माहेर. म्हणजे ऊन, दमट हवा आणि पाऊस तिच्या अंगवळणी पडलेले आहेत, आणि म्हणूनच कोकण, मुंबई, पुणे, गोवा इथे ती सहज रमते.

हिला जगभर नाव मिळालं ते क जीवनसत्त्वामुळे, आणि त्या गोष्टीत चक्क आपला आवळा आहे. १९४५च्या सुमारास पोर्टो रिको विद्यापीठात आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाची चर्चा चालली होती. आवळा आंबट, तसं आपल्या अंगणातलं हे लाल फळही आंबट, आणि सर्दी झाली की लोक ते खातात, हे तिथल्या एका सहकारी बाईंच्या मनात आलं. त्यांनी घरच्या झाडाची फळं तपासायला आणली. १९४६ मध्ये कॉनरादो आसेन्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि तोवर परसातलं मुलांचं फळ असलेली ही चेरी एकदम शास्त्रज्ञांच्या टेबलावर गेली. १९५५ मध्ये पोर्टो रिकोहून बिया ब्राझीलच्या पर्नाम्बुको राज्यात गेल्या आणि आज ब्राझील या फळाचा सगळ्यात मोठा उत्पादक आहे.

आकडा सांगायचा तर पिकलेल्या १०० ग्रॅम ॲसेरोलात साधारण १००० ते २००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. पेरूत ते २००च्या आसपास, संत्र्यात ५०च्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरतं. चार-पाच ग्रॅमची दोन फळं खाल्ली की दिवसाची गरज भागली.

रोप घेताना

इथे घाई करू नका. माझं पहिलं रोप मी नुसत्या पाटीवर विश्वास ठेवून घेतलं. दोन वर्षं त्याला खत घातलं, पाणी घातलं, आणि शेवटी कळलं की ते याच कुळातलं शोभेचं झुडूप होतं. पानं बारीक, कडेने काटेरी, हॉलीसारखी. बोन्सायवाले ते मुद्दाम घेतात, पण खाण्यासाठी त्याचा उपयोग नाही. ॲसेरोलाचं पान गुळगुळीत कडेचं, लंबगोल, समोरासमोर जोडीने येणारं आणि वरून चकचकीत असतं. कोवळ्या पानांवर बारीक लव असते.

दुसरी फसगत सुरीनाम चेरीची होते. तिचं फळ छोट्या भोपळ्यासारखं, ठळक आठ फाकांचं. ॲसेरोलाच्या फळाला अस्पष्ट तीन फुगीर भाग असतात आणि आत तीन बिया. रोपावर एखादं फळ किंवा निदान फूल असेल तर तेच घ्या, शंकाच उरत नाही.

बियांपासून वाढवलेलं रोप शक्यतो टाळा. बी अर्ध्याहून अधिक वेळा रुजतच नाही, कारण टणक कवचाच्या आत गर्भ धडपणे वाढलेलाच नसतो. रुजलं तरी फळाला दोन-तीन वर्षं लागतात आणि फळ आईसारखं गोड निघेलच असं नाही. गुटी कलमाचं (फांदीला झाडावरच मुळं फुटवून केलेलं) किंवा छाट कलमाचं (कापलेली फांदी मातीत रुजवून केलेलं) रोप बहुधा वर्ष-दीड वर्षात फळायला लागतं. गोड आणि आंबट असे दोन्ही प्रकार मिळतात. फ्लोरिडाची 'फ्लोरिडा स्वीट' आणि हवाईची 'मनोआ स्वीट' या नावाजलेल्या गोड जाती, पण आपल्याकडे नर्सरीवाला जातीचं नाव सांगेलच असं नाही. फळ चाखायला मिळालं तर चाखा, नाहीतर 'गोड' म्हटलेलं घ्या आणि थोडा आंबटपणा गृहीत धरा. माझ्या मते थोडं आंबटच बरं. नुसती गोड ॲसेरोला पानचट लागते.

जागा असेल तर दोन रोपं घ्या, आणि तीही वेगवेगळ्या झाडांची. त्याचं कारण पुढे फुलांच्या ठिकाणी येईल.

मातीचा गोळा सोडवा

आपल्याकडे विकली जाणारी बरीच फळझाडं आंध्रातल्या कडियमसारख्या भागातून येतात. पिशवी फाडलीत की आत लाल चिकणमातीचा घट्ट गोळा निघतो. प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून ती माती ठीक, पण तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर बाहेरची भुसभुशीत माती ओली आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत, असं होतं. पाणी त्याच्या कडेनेच वाहून जातं. रोप आणल्यावर आठ-दहा दिवस ते तसंच सावलीत राहू द्या. मग गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा, बोटांनी हलकेच चोळून बाहेरची एक-तृतीयांश माती सोडवा आणि लगेच लावा. सगळी माती धुऊन मुळं उघडी करू नका. ॲसेरोलाची मुळं उथळ आणि नाजूक असतात, त्यांना तो धक्का सोसत नाही.

कुंडी आणि माती

सुरुवातीला १२ इंची कुंडी चालेल, पण शेवटी १८ ते २० इंच रुंद कुंडी, तेवढीच ग्रो बॅग किंवा अर्धा कापलेला ड्रम लागतो. खोलीपेक्षा रुंदीकडे लक्ष द्या, कारण मुळं आडवी पसरतात. ड्रमच्या तळाला बोट जाईल एवढी निदान सात-आठ भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा. माझ्या एका ड्रमची भोकं गच्चीच्या फरशीला टेकून बंद झाली होती. जुलैतल्या सलग पावसात आठवडाभर पाणी आत साचलं, पानं पिवळी पडून गळाली. ड्रम आडवा करून पाणी काढलं तेव्हा मुळांना कुजका वास येत होता. झाड वाचलं, पण ते पूर्ववत व्हायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

मातीसाठी माझं प्रमाण असं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं भरड वाळू आणि कोकोपीट मिळून, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. ही पेंड विसरू नका. ॲसेरोलाला सूत्रकृमींचा फार त्रास होतो. ते मातीतले, डोळ्यांना न दिसणारे किडे मुळांवर गाठी करतात आणि झाड खत-पाणी असूनही खुरटत जातं. नुसत्या वाळूच्या मातीत हा त्रास जास्त. शेणखत, पेंड आणि कुंडीच्या कडेला झेंडूची दोन रोपं, एवढ्याने तो आटोक्यात राहतो.

मातीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आम्लधर्मी आहे त्याचं माप) साडेसहाच्या आसपास असला की झाड खूश. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून ताई दर वर्षी पावसाळा संपला की झाडाभोवती मूठभर चुना किंवा हाडांचा चुरा पसरते. देशावर गोष्ट उलटी. काळी माती आणि बोअरचं जड पाणी, दोन्हींत चुनखडी. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसायला लागला की ओळखावं, लोह कमी पडतंय. कुंडीतली माती तेव्हा थोडी बदला आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी पाकिटावरच्या मात्रेने करा. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून तेच घाला.

जमिनीत लावायचं असेल तर दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. भारी काळ्या जमिनीत खड्ड्यापेक्षा एक-दीड फूट उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर लावा. दोन झाडांत दहा-बारा फूट अंतर ठेवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलं तर मुळं धरायला सगळा हंगाम मिळतो.

ऊन आणि वारा

ऊन जितकं जास्त तितकं चांगलं. सहा तासांहून कमी ऊन मिळालं तर झाड हिरवंगार राहील, पण फळाच्या नावाने शून्य. उत्तरेकडच्या बाल्कनीत ही लावू नका. तिथे दुसरं काहीतरी लावा. विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये दुपारी एक ते चार हिरवी जाळी डोक्यावर धरली तर कोवळी पानं करपत नाहीत. पुण्यात मला तिची गरज पडली नाही.

वाऱ्याकडे मात्र लक्ष ठेवा. मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या पावसातलं वादळ हिला आडवं करतं. पहिली दोन वर्षं बांबूची काठी रोवून सुतळीने सैल बांधा.

कडाक्याची थंडी हिला सोसत नाही. मोठं झाड शून्याच्या थोडं खालचं तापमान काही तास सहन करतं, लहान रोप तेवढ्यात मरतं. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत रात्री गोणपाट टाका. फ्लोरिडा किंवा टेक्सासला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कुंडीतच लावावं, म्हणजे थंडीची लाट आली की गॅरेजमध्ये ओढून घेता येतं.

पाणी

वाढलेलं झाड दुष्काळातही तग धरतं, आणि नेमकी इथेच फसगत होते. झाड मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं पाणी पुरतंय. पण फुलं आणि कोवळी फळं पाण्याच्या ओढीने आधी गळतात. एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज सकाळी तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. फळं असतील आणि संध्याकाळी पानं मान टाकत असतील तर पुन्हा द्या. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरतं. बोट दोन इंच खुपसून बघा, आत कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. मातीवर वाळक्या पानांचं तीन-चार इंच आच्छादन घाला. उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. उथळ मुळांना उन्हाचा चटका बसत नाही आणि पाणी निम्म्यावर येतं.

खत

ही खादाड नाही. दर दीड महिन्याला दोन मुठी गांडूळखत, मार्च आणि सप्टेंबरमध्ये मूठभर निंबोळी पेंड आणि चिमूटभर पोटॅश, एवढ्यावर माझी झाडं चालतात. युरिया देऊ नका. पानं पंख्यासारखी वाढतील, फुलं येणार नाहीत. लाकडाची राख कोकणातल्या मातीला चांगली, पुण्यातल्या जड पाण्याला नको.

फुलं येतात, पण फळ धरत नाही

नव्याने लावणारे सगळे इथे येऊन थांबतात. झाड फुलांनी गुलाबी होतं, आठवड्यात सगळी फुलं खाली पडतात, आणि वाटतं आपल्या हातातच काही दोष आहे. तो दोष आपला नाही, झाडाचाही नाही.

एक फूल जवळून बघा. सकाळी आठच्या सुमारास, ते नुकतं उमललेलं असताना. पानाच्या बेचक्यात तीन-चार फुलांचा झुपका असतो. पाच पाकळ्या, प्रत्येकीचा देठ चमच्याच्या दांड्यासारखा निमुळता, आणि कडा कात्रीने बारीक चिरल्यासारखी झालरीची. रंग फिकट गुलाबी, दुसऱ्या दिवशी पांढुरका. मधोमध दहा पिवळे पुंकेसर. आता फूल उलटं करा. पाकळ्यांच्या मागे, बाहेरच्या हिरव्या दळांवर छोटे फुगीर मणी चिकटलेले दिसतील, तांदळाच्या कणीएवढे आणि ओलसर चमकणारे. त्यात तेल असतं. या फुलात मध नाही.

माहेरी, म्हणजे अमेरिका खंडात, सेंट्रिस नावाच्या मधमाश्या खास हे तेल गोळा करायला येतात आणि त्यांच्या अंगाला लागून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. त्या माश्या आपल्याकडे नाहीत. आपल्या मधमाश्या मधाच्या शोधात येतात, थोडा पराग उचलतात आणि शेजारच्या तुळशीकडे निघून जातात. त्यात बऱ्याच जाती स्वतःच्याच परागाने नीट फळत नाहीत, त्यांना दुसऱ्या झाडाचा पराग हवा असतो. म्हणून दोन वेगळी रोपं घ्या असं वर म्हटलं. एकाच झाडाच्या दोन फांद्यांपासून केलेली कलमं इथे कामाला येत नाहीत, कारण ती शेवटी एकच झाड.

मग माशीचं काम आपण करायचं. मी दोन नंबरचा मऊ चित्रकलेचा ब्रश वापरते. कानात घालायची कापसाची काडीही चालते. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, फूल ताजं आणि कोरडं असताना, एका झाडाच्या पुंकेसरांवर ब्रश हलकेच फिरवायचा. केसांवर पिवळी पूड दिसली की दुसऱ्या झाडाच्या फुलांच्या मध्यावर टेकवायची. मग तिथून परत पहिल्याकडे. दाबायचं नाही, घासायचं नाही. चाळीस-पन्नास फुलं दहा मिनिटांत होतात. बहर चालू असतो ते चार-पाच दिवस रोज करायचं. एकच झाड असेल तरी करा, काहीच न करण्यापेक्षा बरीच फळं धरतात. ज्या वर्षी मी हे पहिल्यांदा केलं, त्या वर्षी आधीच्या बहरात जेमतेम सात फळं होती, आणि या बहरात परातभर.

बहर एकदाच येत नाही, ही हिची मोठी मेहेरबानी. नवी पालवी फुटली की तिच्यासोबत फुलं येतात. माझ्याकडे मार्चअखेर ते ऑक्टोबर या काळात चार-पाच वेळा बहर येतो, आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली की हमखास. सलग पावसात उमललेली फुलं मात्र भिजून वाया जातात, त्यावर इलाज नाही.

फळ धरलं आहे हे आठवड्यात कळतं. पाकळ्या वाळतात आणि मध्ये हिरवा मणी राहतो. तो मटाराएवढा होईपर्यंत पाण्याचा खाडा करू नका. फूल उमलल्यापासून तीन ते चार आठवड्यांत फळ तयार. त्यातले पहिले वीस दिवस ते हिरवं, मग पिवळसर नारिंगी, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने लाल.

उतरवणं आणि खाणं

लाल झाल्यावर रोज सकाळी झाडाकडे जा. एक दिवस चुकला तर फळ खाली पडलेलं तरी असतं किंवा बुलबुलाच्या पोटात गेलेलं. देठासकट दोन बोटांनी हळू वळवून काढा. साल इतकी पातळ असते की नखाचा ओरखडाही पुरतो, आणि ओरखडलेलं फळ संध्याकाळपर्यंत काळवंडतं. पसरट ताटात एकाच थरात ठेवा, डब्यात रचू नका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात.

लोणच्यासाठी हवी असतील तर पिवळट असतानाच काढा. क जीवनसत्त्व कच्च्या फळात सगळ्यात जास्त असतं आणि पिकताना कमी होत जातं. ब्राझीलमध्ये त्याची पूड करणारे म्हणूनच फळं हिरवी तोडतात. पण घरी खायची तर लाल. पिकल्यावरही आपल्याला पुरून उरेल एवढं असतं.

आत तीन कडक, कंगोरेदार बिया असतात. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलंत तर रस तुरट होतो. फळं चाळणीवर हाताने कुस्करा, चोथा आणि बिया वर राहतील. वाटीभर रसाला तीन वाट्या गार पाणी, साखर, चिमूट मीठ आणि किंचित जिरेपूड, पन्ह्यासारखं. उकळू नका, उकळल्याने रंग विटकरी होतो आणि जीवनसत्त्वही जातं. तांब्या-पितळेच्या भांड्यात रस ठेवू नका, काच किंवा स्टील वापरा. एकाच वेळी जास्त फळं निघाली तर रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ताईकडे जूनमधली फळं अशीच दिवाळीपर्यंत पुरतात.

एक काळजीची गोष्ट. दिवसाला पाच-दहा फळं कुणालाही चालतील, पण ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे किंवा ज्यांच्या शरीरात लोह साठण्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावीत. जास्त क जीवनसत्त्वाने मूतखड्याचा धोका वाढतो. अगदी लहान मुलांना बिया काढूनच द्या.

कीड

पिठ्या ढेकूण हा गच्चीवरचा मुख्य शत्रू. पानांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके दिसले आणि मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समजा आले. पहिल्याच दिवशी, ठिपके पाच-दहा असतानाच, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. उरलेल्यांसाठी एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. दुपारच्या उन्हात फवारलंत तर पानं भाजतील. उमललेल्या फुलांवर मारू नका. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, कारण त्याच या किडीला फांदीफांदीवर नेऊन पोसतात. खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली तर पुरतं. खवले कीड आणि मावा यांनाही हाच उपाय.

फळमाशी पावसाळ्यात येते. फळात टाचणीएवढं भोक आणि आत अळी. कोकणात आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉलचा (वासाने नर माश्यांना ओढणाऱ्या द्रव्याचा) सापळा टांगतात, तोच इथे चालतो. खाली पडलेली फळं रोज उचला आणि बंद पिशवीत भरून उन्हात ठेवा. खतात टाकली तर अळ्या तिथेच वाढतात. पक्ष्यांसाठी झाडावर जाळी टाकायची की अर्धी फळं त्यांना सोडायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी वरच्या फांद्या सोडते.

छाटणी

मोठा बहर संपला की, बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वर्षी जमिनीपासून फूट-सव्वाफुटापर्यंतचे फुटवे काढून एक किंवा दोन खोडं ठेवा. पुढे दर वर्षी आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या काढा, वरचा शेंडा खुडा. कुंडीत पाच फुटांवर जाऊ देऊ नका, म्हणजे फुलांपर्यंत हात पोचतो. एकदम निम्मं झाड कापू नका, पुढचा बहर हुकतो. छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. कोवळ्या पानांवरची लव कुणाकुणाच्या कातडीला चावते आणि तासभर खाज राहते.

दोन वर्षांनी एकदा कुंडीतलं झाड बाहेर काढून कडेची मुळं दोन इंच छाटा आणि नवी माती भरा. हे काम फेब्रुवारीत करा, पालवी फुटण्याआधी.

एकाची दोन करताना

शेजारी मागायला येतातच, त्यामुळे गुटी कलम शिकून ठेवा. जून-जुलैत, पेन्सिलएवढ्या जाडीची, तपकिरी झालेली सरळ फांदी निवडा. शेंड्यापासून फूटभर खाली एक इंच रुंदीची साल गोलाकार काढा आणि आतला हिरवट, बुळबुळीत पापुद्रा सुरीने खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ किंवा कोकोपीट लिंबाएवढं भोवती बसवून पारदर्शक प्लॅस्टिकने गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा. पाणी आत शिरता कामा नये. दीड ते दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. ती तपकिरी होऊ लागली की गाठीच्या खाली कापा, अर्धी पानं काढून टाका आणि आठ इंची कुंडीत लावून तीन आठवडे सावलीत ठेवा. शेजाऱ्यांना दिलंत तर तुमच्या दुसऱ्या झाडाचं द्या आणि त्यांच्याकडे वेगळ्या झाडाची ॲसेरोला असेल तर तिची एक फांदी मागून आणा, म्हणजे दोघांच्याही गच्चीवर परागासाठी जोडीदार तयार.